पिनोलचा उपास

ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. त्यातल्याच एका शुक्रवारी एवेनोर न्युरिंदाच्या कुत्र्याने डुकराच्या तळलेल्या कातडीचा तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. शेजारच्या दोन्या एर्मिनियाने हे कुंपणावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "उस्ताद, तुमच्या कुत्र्याने शुक्रवार धरला."

दुसऱ्या कुठल्या कुत्र्याने तोंड फिरवलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हा पिनोल होता. भाजक्या मक्याच्या पिठाच्या रंगाचा, एका कानाने फाटका, आणि मासाया शहराच्या अलीकडच्या आमच्या अख्ख्या वस्तीत चोर म्हणून नावाजलेला. त्याने लग्नाच्या मांडवातून डुकराचं मुंडकं पळवलं होतं. हवालदाराचं जेवण हवालदाराच्या मांडीवरून उचललं होतं. खुद्द दोन्या एर्मिनियाच्या सात कोंबड्या त्याच्या पोटात गेल्या होत्या, आणि आठवी केवळ झाडावर चढून बसली म्हणून वाचली होती. असा प्राणी शुक्रवारी मांसाला शिवत नाही म्हटल्यावर कुणाचीही बुद्धी थेट देवाकडेच वळणार.

एवेनोर जोडे शिवायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, दोन्ही मुली कोस्ता रिकात कामाला, घरात बोलायला काय तो पिनोल. "हा सगळं ऐकून घेतो आणि मधे बोलत नाही," असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. आता त्याने उंबऱ्यावर पसरलेल्या पिनोलकडे पाहिलं. याला बरं नाही की काय, असं त्याच्या मनात आलं. पण आमच्याकडे 'दोन्या' मानाच्या बाईलाच म्हणतात, आणि दोन्या एर्मिनिया म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हती. संत लासारोच्या उत्सवाची ती प्रमुख, संताच्या कपड्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. ती म्हणाली शुक्रवार धरला, म्हणजे धरला. आणि खरं सांगायचं तर एवेनोरला ते ऐकून गुदगुल्या झाल्या. ज्याच्यापायी आठ वर्षं लोकांची बोलणी खाल्ली, त्याचं आज पहिल्यांदा कुणीतरी कौतुक करत होतं. माणूस अशा वेळी जास्त चौकशी करत नाही.

शनिवारीही पिनोल जेवला नाही. रविवारी त्याने भाताची चार शितं चाटली. सोमवारी एवेनोरने घोरपडीचं कालवण पुढे ठेवलं. आमच्याकडे उपासाला घोरपड चालते, कोंबडी चालत नाही. का, ते कुणी विचारत नाही. पिनोलने घोरपडीकडेही पाहिलं नाही.

"घोरपड चालते म्हणून त्याला सांगा की कुणीतरी," गवंडी फिलादेल्फो म्हणाला.

"त्याला ठाऊक आहे," दोन्या एर्मिनिया म्हणाली. "तो कडक पाळतोय. तुमच्यासारखं नाही, की सोमवारी सोडला आणि शुक्रवारी परत धरला."

मंगळवारपासून लोक बघायला येऊ लागले. वस्तीतल्या बायकांना तर नवऱ्यांना टोचायला आयतं हत्यारच मिळालं. फिलादेल्फोची बायको त्याला रोज संध्याकाळी धरून आणायची आणि उंबऱ्यासमोर उभं करायची. "बघ. त्याला चार पाय आहेत, शेपूट आहे, आणि तुझ्यापेक्षा अक्कल जास्त आहे. लाज वाटू दे." तिसऱ्या दिवशी फिलादेल्फोने दारू सोडली. पिनोलकडे तो ज्या नजरेने बघायचा, ती मात्र भक्तीची नव्हती.

कुत्र्याच्या अंगाला हात लावला की चटका बसायचा. एर्मिनिया म्हणाली, भक्तीची ऊब. उठला की मागचे पाय लटपटायचे. ती म्हणाली, उपासाने थकवा येतोच, माझी आई तर तिसऱ्या आठवड्यात भिंत धरून चालायची. जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या, तेव्हा मात्र तीही क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "न बोललेल्या प्रार्थना आहेत. मुक्या जिवाच्या गळ्यात अडकणारच."

बुधवारी एवेनोर गुपचूप येल्बा डॉक्टरणीच्या दुकानावर गेला. येल्बा जनावरांची डॉक्टर, दुकानातच तिचा दवाखाना. दाराला कुलूप होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'बोआकोला गुरं टोचायला गेले आहे. रविवारी येईन. तोवर कुणाला मरू देऊ नका.' एवेनोरने पाटी दोनदा वाचली. घरी परतताना त्याने पावलं भरभर उचलली. पण घरापुढे दहा-बारा माणसं जमली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि एका म्हातारीने त्याला, म्हणजे एवेनोरला, वाकून नमस्कार केला. काळजी तिथल्या तिथे थोडी पातळ झाली. ही गोष्ट तो पुढे कुणालाही सांगणार नव्हता.

रविवार म्हणजे संत लासारोचाच रविवार. त्या दिवशी आमच्याकडे कुत्र्यांना कपडे घालून चर्चमध्ये नेतात. संताच्या अंगावरच्या जखमा कुत्र्यांनी चाटल्या, ती त्यांची सेवा संत विसरलेला नाही. जो नवस बोलला असेल तो कुत्र्याला नटवून आणतो, पाद्री सगळ्यांवर पाणी शिंपडतो, आणि उत्तम पोशाखाला बक्षीस म्हणून तांदळाचं पोतं मिळतं.

एवेनोरचा नवस सात वर्षांचा होता. त्याच्या डाव्या पायाला जखम झाली होती आणि अकरा महिने भरत नव्हती. सरकारी इस्पितळातला डॉक्टर गुडघ्याखाली बोटाने रेघ ओढून दाखवायला लागला होता. तेव्हा एवेनोर लासारोपुढे बोलला, पाय ठेव, सात वर्षं कुत्रा घेऊन येईन, पाणी शिंपडेपर्यंत हलणार नाही. जखम भरली. सहा वर्षं झाली होती. हे सातवं, शेवटचं. आणि नवस मोडला तर काय होतं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ती रेघ त्याला अजून दिसायची.

यंदाचा पोशाख त्याने महिनाभर आधीच शिवून ठेवला होता. पिनोल स्वतः लासारो होणार होता. अंगभर पट्ट्या, त्यांवर तांबड्या रंगाच्या जखमा, खांद्यावर जांभळा शेला, आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या चामड्याच्या दोन छोट्या कुबड्या. पट्ट्या गुंडाळताना पिनोलने एकदाही अंग झटकलं नाही. गेल्या वर्षी त्याला फुलपाखरू करायला तिघं लागले होते.

चर्च खचाखच भरलं होतं. एक नवरी होती, दोन हवालदार होते, चष्मा लावलेली एक मुख्याध्यापिका होती, आणि पुढच्या बाकावर एक फुटबॉलपटू आपल्याच पायातला मोजा खात होता. बाहेर फटाके लागले की सगळे एका सुरात रडायचे. एवेनोरने पिनोलला उचलून आणलं, कारण तो चालत नव्हता, आणि वेदीपाशी ठेवलं. पिनोल ठेवला तसाच आडवा झाला. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले.

तीन परीक्षक पुढे वाकले. त्यांतला एक शाळेत नाटकं बसवायचा. तो बराच वेळ पाहत राहिला. "बाकीच्यांनी नुसते कपडे घातलेत," तो म्हणाला. "याने भूमिका केली आहे."

"श्वास बघा, कसा तुटतोय," दुसरा म्हणाला.

"किती दिवस शिकवत होता, उस्ताद?"

एवेनोरने पिनोलच्या मानेखाली हात घातला. "मी काही शिकवलं नाही," तो म्हणाला, आणि हे उत्तर नम्रपणाचं समजलं गेलं.

तेवढ्यात पिनोलच्या नाकातून रक्ताचा थेंब आला. फरशीवर टपकला. मग दुसरा.

दोन्या एर्मिनिया गुडघ्यांवर आली. "लासारो," ती म्हणाली, कुत्र्याला की पुतळ्याला ते कळलं नाही. तिच्यामागे एक रांग गुडघ्यांवर आली, मग त्यामागची. मारिंबा वाजवणाऱ्यांनी हात थांबवले. दोन तगड्या माणसांनी पिनोलला अलगद उचललं आणि संताच्या पालखीवर, पुतळ्याच्या पायांशी ठेवलं. लोक रुमाल घेऊन पुढे सरकले. एका बाईने नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे पुढे धरला. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, थेंब किती पडले, कारण आकड्यांच्या सोडतीचं तिकीट दुपारी बंद होत होतं. सात, असं कुणीतरी सांगितलं, आणि दहा-बारा पुरुष घाईने दाराबाहेर पडले.

"त्याला खाली घ्या," एवेनोर म्हणाला. "दोन्या, त्याला घरी नेतो मी."

"घरी?" एर्मिनियाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "उस्ताद, तो आता तुमचा एकट्याचा राहिला नाही."

याच वेळी येल्बा डॉक्टरीण आली. बोआकोहून तशीच उतरली होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बुटांना शेण. रांगेतल्या सगळ्यांना कोपराने बाजूला करत ती पालखीपाशी पोचली, अंगठ्याने पिनोलचा ओठ वर केला आणि थांबली.

"एवेनोर, इकडे ये. हिरडी बघ."

हिरडी पांढरीफटक होती, घरातल्या चुन्याच्या भिंतीसारखी. तिने बोटाने दाबून सोडली, रंग परत आलाच नाही, कारण यायला रंग नव्हता. मग तिने पोटावरच्या पट्ट्या सैल केल्या. खरे लाल ठिपके एवेनोरने रंगवलेल्या जखमांच्या शेजारीच होते, टाचणीच्या टोकाएवढे, शेकडो.

"किती दिवस जेवला नाही?"

"नऊ."

"ताप?"

"होता."

"गाठी?"

"त्या प्रार्थना आहेत," एर्मिनिया म्हणाली.

येल्बाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पिनोलचा धड असलेला कान उलटा केला, खिशातून चिमटा काढला आणि आतून एक गोचीड ओढून वर धरली. टम्म फुगलेली, करडी, पाय हलवणारी. "ही तुमची देवदूत. हिच्यापायी गोचीडताप झालाय. रक्तात जंतू गेलेत, रक्त गोठेनासं झालंय, म्हणून नाकातून येतंय. आत्ता माझ्याकडे आणलास, सलाइन लावलं, गोळ्या सुरू केल्या, तर वाचेल. संध्याकाळी आणलास तर पुरायला खड्डा खणून ये."

दोन्या एर्मिनियाने गळ्यातली चांदीची डबी उघडली. तिच्यात कुठल्याशा संताच्या अंगरख्याचा धागा होता. तिने धागा बाजूला सारला आणि हात पुढे केला. "द्या ती."

"काय?"

"गोचीड. ती त्याचं रक्त प्यायलीय."

येल्बाने इतक्या वर्षांत गुरांच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले होते, पण अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती बघत राहिली, तोवर एर्मिनियाने चिमट्यातून गोचीड काढून घेतली आणि डबी मिटली.

एवेनोर पालखीला धरून उभा होता. पाद्री उबाल्दोंचं प्रवचन अजून सुरूही झालं नव्हतं, आणि पाद्री उबाल्दो म्हणजे तासाच्या आत आवरणारे नव्हते. पाणी शिंपडलं जाईल ते त्यानंतर. पाय ठेव, हलणार नाही. त्याच्या डाव्या पोटरीत कळ आली. आली की त्याला वाटली, कोण जाणे. तासभरच तर आहे, असं मनात कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज त्याने ओळखला. नऊ दिवस तोच आवाज बोलत होता.

"पाय घे," तो पुतळ्याला म्हणाला. मोठ्याने म्हणाला नाही, पण जवळच्यांनी ऐकलं. मग त्याने पालखीवर चढून शेला ओढून काढला, कुबड्या तोडून फेकल्या आणि पट्ट्या फाडायला सुरुवात केली.

"उस्ताद, पाप लागेल," फिलादेल्फो म्हणाला.

"लागू दे. ऐका सगळे." एवेनोरला चारचौघांत बोलायची सवय नव्हती, त्याचा आवाज फाटला. "हा संत नाही. हा चोर आहे. तुमच्या सगळ्यांचं याने खाल्लंय. हा उपास करत नव्हता, याला अन्न जात नव्हतं. मला कळत होतं. अंग तापलंय हे मला हाताला कळत होतं. पण तुम्ही दारात मेणबत्त्या लावल्यात आणि मला ते आवडलं. माझा कुत्रा मरतोय, कारण मला ते आवडलं. आता वाट सोडा."

कुणी हललं नाही. मग येल्बा म्हणाली, "आणि तुमच्यापैकी किती जणांनी घरून निघताना आपल्या कुत्र्याच्या कानात बघितलं?"

नवरीच्या मालकिणीने हळूच नवरीचा पदर उचलला. "आई गं," ती म्हणाली. हवालदाराची टोपी निघाली. मुख्याध्यापिकेचा चष्मा निघाला, झगा निघाला, आणि बोटांच्या बेचक्यांतून चार गोचिडी निघाल्या. बघता बघता सगळं चर्च जमिनीवर बसलं. झालरी, टोप्या, पंख यांचा ढीग झाला आणि माणसं उघड्यावाघड्या कुत्र्यांचे कान, काखा, बेचक्या तपासू लागली. पाद्री उबाल्दो प्रवचनाचा कागद घेऊन बाहेर आले. समोरचं दृश्य पाहून त्यांनी कागदाची घडी केली आणि शेजारच्या बाईला विचारलं, "रॉकेल कुणी आणलंय का?"

"रॉकेल नको, चिमटा," येल्बा दारातून ओरडली. "आणि चिरडू नका हातांनी."

एवेनोर तोवर रस्त्यावर होता, पिनोलला छातीशी धरून, डाव्या पायाची पर्वा न करता धावत. मागून त्याला दोन्या एर्मिनियाचा आवाज ऐकू आला. ती लोकांना समजावत होती, की गोचिडी दाखवून द्याव्यात हीच लासारोची इच्छा होती, आणि हे तिला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं.

दोन दिवस पिनोल येल्बाच्या दुकानात, खताच्या पोत्यांच्या मधे, सलाइनच्या नळीला बांधलेला पडून होता. एवेनोर शेजारी बसून जोडे शिवत होता. तिसऱ्या दिवशी शेपटी एकदा हलली. चौथ्या दिवशी त्याने अंड्याचा बलक चाटला आणि एवेनोर दुकानाच्या मागे जाऊन रडून आला. अठ्ठावीस दिवस गोळ्या द्यायच्या होत्या, सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी नाही. तो रोज सकाळी आधी पिनोलची हिरडी बघायचा, मग पाटलोण वर करून स्वतःची पोटरी. हिरडी रोज थोडी गुलाबी व्हायची. पोटरी होती तशीच होती. तरी तो बघायचा.

बाराव्या दिवशी गुड फ्रायडे आला. त्या दिवशी मांसाचं नावही घ्यायचं नसतं. उन्हं कलता मिरवणूक गल्लीत शिरली, पुढे काळ्या ओढणीखाली दोन्या एर्मिनिया, गळ्यात ती डबी. एवेनोर दारात टोपी काढून उभा होता. खिशात संध्याकाळची गोळी होती, आणि पिनोल कुठे दिसत नव्हता.

मग तो दिसला. एर्मिनियाच्याच स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आला, कुंपण एका उडीत पार केलं, आणि मिरवणुकीच्या बरोबर पुढ्यात येऊन थांबला. तोंडात कोंबडीची तंगडी होती. शिजलेली, हळद-मिरची लावलेली, वाफा निघत असलेली.

मिरवणूक थांबली. बाजा थांबला. शंभर माणसांनी आधी तंगडीकडे पाहिलं, मग एर्मिनियाच्या धुराड्याकडे, मग एर्मिनियाकडे. फिलादेल्फोच्या चेहऱ्यावर पंधरवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

दोन्या एर्मिनियाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "ती त्याच्यासाठीच शिजवली होती," ती म्हणाली. "आजाऱ्याला उपास नसतो."

एवेनोर रस्त्यात गुडघ्यांवर बसला. त्याने तंगडीचं हाड काढून घेतलं, मांसाच्या तुकड्यात गोळी दडपली आणि पिनोलच्या पुढे धरली. पिनोलने ती बोटांसकट गिळायचा प्रयत्न केला. एवेनोर हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे त्या पहिल्या शुक्रवारी म्हणाला असतात तर, दोन्या," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मी तरी कुठे म्हणालो."

दोन्या एर्मिनिया वळून घरात गेली आणि दुसरी तंगडी घेऊन आली.